पाठीमागून शिरणारा उजेड

फोटोग्राफरच्या पोटात कायम एक गोळा असतो. आत्ताच्या पोरांना तो ठाऊक नाही. ती फोटो काढतात, लगेच बघतात, नाही आवडला तर पुसतात आणि दुसरा काढतात. आमच्या वेळी एकदा बटण दाबलं की दाबलं. आत काय उमटलंय ते फिल्म धुतल्याशिवाय ब्रह्मदेवालासुद्धा कळत नसे, आणि तोवर लग्न लागून वऱ्हाड आपापल्या गावी पोचलेलं असे. बटण दाबणं आणि फिल्म धुणं यांच्या मधल्या वेळात हा गोळा खाली-वर करायचा. कराडात मी उभी हयात स्टुडिओ चालवला, पण तो काही विरघळला नाही.

दिवाळी अंकवाल्यांनी गळ घातली की ताई, धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. इस्लामपूरकडचा एक पैलवान फ्लॅश उडाल्याबरोबर खुर्चीतून उडी मारून दाराबाहेर गेला आणि परत आत यायला तयार होईना. माणदेशातला एक मेंढपाळ पांढरं धोतर, पांढरा पटका आणि खांद्यावर काळं घोंगडं अशा थाटात आला. त्याचा फोटो मला दोनदा काढावा लागला, कारण उजेड मोजायचं मीटर पांढऱ्याला भुलतं आणि काळ्याला भितं. तो म्हणाला, "आवं ताई, तुमच्या त्या यंत्रापेक्षा माझं कुत्रं श्यानं हाय, त्याला मी घोंगड्यात बी वळखू येतो." खोटं नव्हतं ते.

पण लिहायला बसले आणि आठवला तो सुभेदारांचा कॅमेरा. त्यात गंमत फारशी नाही. भीतीच जास्त आहे. तरी तेच लिहिते.

स्टुडिओ मुळात आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले तेव्हा मी कॉलेजात होते. कॉलेज तिथंच राहिलं आणि मी दुकानात उभी राहिले. बाईमाणूस फोटो काढतंय म्हणून लोक आधी हसले. मग तेच लोक घरातल्या बायकांचे फोटो काढायला मलाच बोलवायला लागले. परक्या बाप्यापुढं पदर सावरत बसण्यापेक्षा मी बरी, असा हिशोब. अण्णा दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि कानांनी दुकान चालवायचे. गिऱ्हाईक चिडलंय की लाजतंय हे त्यांना पायरीवरच्या चपलेवरून कळायचं.

अण्णांची एक शिकवण होती. त्यांनी धंदा सुरू केला तो लाकडी पेटीच्या कॅमेऱ्यावर. डोक्यावर काळा कपडा घ्यायचा, काचेवर चित्र जुळवायचं, मग कपड्यातून बाहेर येऊन कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहायचं आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत रबरी फुगा दाबायचा. "यंत्राच्या आड लपून फोटो काढायचा नसतो, सुमे," ते म्हणायचे. "माणसाला माणूस दिसला तरच तो चेहरा मोकळा सोडतो." पुढं लहान कॅमेरे आले, काळा कपडा ट्रंकेत गेला, पण मी ती रीत सोडली नाही. स्टँडवर कॅमेरा लावायचा, चित्र जुळवायचं, बाजूला उभं राहायचं, माणसाकडं बघायचं आणि बटणाला जोडलेली लांब वायर दाबायची. आमच्या स्टुडिओतले चेहरे जिवंत येतात असं लोक म्हणायचे ते यामुळंच.

आणीबाणी उठली त्यानंतरचा चैत्र होता. भर दुपारी दुकानात सुभेदार आले. उंब्रजच्या पलीकडच्या एका गावचे, पलटणीतून निवृत्त झालेले, पण मिशा अजून कामावर होत्या. त्यांना सगळे सुभेदारच म्हणत. त्यांनी काउंटरवर रुमालाची गाठ सोडली. आत एक जपानी कॅमेरा होता. तसला मी तोवर फक्त मासिकातल्या जाहिरातीत बघितला होता. त्याचा लेन्स फुटला होता आणि वरची गोल चकती एकाच जागी घट्ट अडकली होती.

"दुरुस्त हुईल का?"

"पडला कसा?" मी विचारलं. डॉक्टर कुठं दुखतंय विचारतो तसा आमचा हा पहिला प्रश्न.

"माझ्या हातनं. तार आली तवा हातात हुता."

कोपऱ्यातून अण्णांनी विचारलं, "कसली तार, सुभेदार?"

मग ते उभ्याउभ्याच बोलले. विलास त्यांचा एकुलता मुलगा, मालवाहू बोटीवर नोकरीला. मागच्या सुट्टीला हा कॅमेरा घेऊन आला आणि गावभर फोटो काढत हिंडला. आईचा काढायचा म्हटलं तेव्हा रोल संपला होता. पुढच्या येळी काढतो म्हणाला आणि कॅमेरा घरीच ठेवून गेला. बोट वादळात सापडली. देहसुद्धा हाती लागला नाही.

"आता मंडळींच्या पोटात गाठ हाय," सुभेदार म्हणाले. "सोमवारी मिरजंला न्यायची, आप्रेशनला. डाक्टर म्हणला, भरवसा देत न्हाई. ती म्हणती, जायच्या आदी त्याच्या कॅमेऱ्यात एक फोटू काढा. त्यो काढतो म्हणला हुता."

मी म्हटलं, "माझा चांगला कॅमेरा आहे. त्यानं काढू की."

"मी बी तेच म्हणलो. तर म्हणली, मग माझा न्हाई काढला तरी चालंल."

मी हो म्हणून बसले. ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "हो म्हणालीस खरी. पण हात कापतोय तुझा."

"तुम्हाला काय दिसलं?"

"दिसतंय कुठं? काचेवर कॅमेरा वाजतोय की."

आता हा कॅमेरा काय प्रकरण होता ते सांगते, म्हणजे मी का घाबरले ते कळेल. फोटोचा उजेड म्हणजे नळाचं पाणी समजा. तोटीचं भोक किती मोठं आणि तोटी किती वेळ उघडी, या दोन्हींवर घागर भरते. जास्त वेळ उघडी राहिली तर सांडतं, म्हणजे फोटो पांढराफटक येतो. लवकर बंद झाली तर घागर तळाला राहते, म्हणजे फोटो काळा. बाकीच्या कॅमेऱ्यांत दोन्ही गोष्टी आपण हातानं ठरवायच्या. हा कॅमेरा ऑटो होता. भोक आपण लावायचं, आणि आत आलेला उजेड मोजून तोटी किती वेळ उघडी ठेवायची ते तो स्वतः ठरवायचा. चकती नेमकी ऑटोवरच अडकलेली. म्हणजे माझं शहाणपण चालवायची सोयच उरली नव्हती. तो ठरवील ते मुकाट्यानं मान्य करायचं.

फुटक्या लेन्सच्या जागी कुठला लावणार? तसला लेन्स मुंबईत मिळाला असता की नसता, सोमवारपर्यंत तर नाहीच. अण्णांचे जुने दोन जर्मन लेन्स कपाटात होते, एक आखूड आणि एक लांब. दोन्ही आट्यांचे, फिरवून बसवायचे. हा कॅमेरा खटकन अडकवायच्या जातीचा. म्हणजे मधे एक रिंग हवी, एका बाजूनं याच्याशी जुळणारी आणि दुसऱ्या बाजूनं त्याच्याशी. सोयरीक जुळवणारा मध्यस्थच म्हणा. आमच्या गल्लीच्या टोकाला बापूंचा लेथ होता. साखर कारखान्याच्या पंपाचे भाग करणारा माणूस. त्यानं दोन्ही वस्तू हातात घेऊन फिरवून बघितल्या आणि म्हणाला, "ताई, केसभर चुकलं तर तुमचा फोटू आंधळा येतोय काय?"

"येतो."

"मग चहा सांगा आन् माझ्याशी बोलू नका."

रिंग झाली. कॅमेऱ्याला बटणासारखा बारका सेल लागायचा. तो कराडात कुणी बघितला नव्हता. सांगलीला कानाची यंत्रं विकणारं एक दुकान होतं, तिथनं जाऊन आणला. येताना एस.टी.त मी तो सेल पदराच्या टोकाला बांधून मुठीत धरून बसले होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "अंगारा हाय काय?" मी म्हटलं, "तसंच समजा."

मग चाचणी. रिंग लावून परका लेन्स बसवला तरी हा कॅमेरा उजेड बरोबर मोजतो का, एवढंच बघायचं होतं. आखूड लेन्स लावून मी कृष्णा-कोयनेच्या घाटावर गेले. ओलं कापड आपटणाऱ्या बायका, पायऱ्यांवरचं लख्ख ऊन, पिंपळाखालची सावली, पाण्यात बसलेली म्हैस, सगळं हातात धरून टिपलं. लांब लेन्स जड, तो हातात डुगडुगतो, म्हणून त्याचे फोटो स्टँडवर लावून काढले. फिल्म धुऊन फोटो छापले. आखूडचे सगळे झकास. लांबचे सगळे काळे.

"लांब लेन्स बिघडलाय, अण्णा," मी म्हणाले. "आखूडच वापरते."

अण्णांनी तो लेन्स मागून घेऊन बोटांनी चाचपला. मग म्हणाले, "लेन्स जुना झाला की धुरकट होतो, सुमे. काळा करत नाही."

मला ते पटत होतं, आणि म्हणूनच मला ते ऐकायचं नव्हतं. शनिवार मावळला होता. कारण सापडल्यासारखं वाटतंय तर आता उकरू नये, असं मी स्वतःला बजावलं. जेवण मात्र गेलं नाही.

रविवारी आम्ही सुभेदारांच्या गावी गेलो. अण्णा हट्टानं बरोबर आले. काकी ओसरीवर पाटावर बसल्या होत्या. मुळात ठेंगणी बाई, त्यात दुखण्यानं पार चिपाड झालेली. पण हिरवं लुगडं नेसून, केस चापून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून तयार होत्या. माझ्या पिशवीतून माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा लोंबत होता. तो त्यांना बरोबर दिसला.

"त्यो दुसरा पिशवीतच राहू द्या, पोरी."

"राहू दे काकी. मी काढतच नाही तो."

"इथं बसू न्हवं? त्यानं बी इथंच बसीवली असती." मग स्टँडवरच्या कॅमेऱ्याकडं टक लावून बघत हळूच म्हणाल्या, "त्याला दिसंल न्हवं ह्यातनं?"

मी दिसंल म्हणाले. तोवर मी शेकड्यांनी लग्नं काढली असतील, पण फोटोत कसं दिसेन हे सोडून फोटोतून कुणाला दिसेन असं विचारणारी ही पहिलीच.

ओसरीवर छपराची सावली होती, मऊ उजेड, चेहऱ्याला उत्तम. मी अंगणात उन्हात होते. चित्र जुळवलं, बाजूला झाले, काकींच्या डोळ्यांत बघितलं आणि वायर दाबली. खट्.

अण्णा दाराशी बाजेवर बसले होते. त्यांनी मान वळवली.

दुसरा. खट्. तिसरा. खट्.

"सुमे," अण्णा अगदी हळू म्हणाले, "काकी सावलीत आहेत ना?"

"आहेत."

"मग एवढा बारीक का वाजतोय?"

धंद्याबाहेरच्यांना सांगते. तोटी जास्त वेळ उघडी राहिली की आवाज लांबतो, लगेच मिटली की आखूड येतो. सावलीत लांब यायला हवा होता. हा तर टळटळीत उन्हातल्यासारखा वाजत होता. म्हणजे कॅमेरा माझ्याशी खोटं बोलत होता. फोटो काळे येत होते, आणि का येत होते ते मला कळत नव्हतं. मी सेल काढून पुसून परत घातला. रिंग आवळली. लेन्स फुंकला. काकी बिचाऱ्या मान न हलवता बसून होत्या. सुभेदार माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. परत दाबलं. खट्. पोटातला गोळा घशापर्यंत आला. वाटलं, स्टँड तिथंच टाकावा आणि रस्त्याला लागावं.

तेवढ्यात काकीच बोलल्या. "आवं, पोरगी कवाधरनं उनात उभी हाय. घामानं निथळली की. छत्री धरा तिच्यावर."

सुभेदारांनी खुंटीवरची काळी छत्री काढली आणि येऊन माझ्यावर धरली. मिशांचा तो सरळसोट माणूस, उभ्या जन्मात बायकोवर कधी छत्री धरली नसेल, तो माझ्या डोक्यावर छत्री धरून कवायतीत उभा राहावा तसा ताठ उभा. ते ध्यान बघून काकींना हसू आलं. पदराचं टोक तोंडाशी नेत त्या हसल्या, आणि मी वायर दाबली.

ख-टाक्.

"थांब," अण्णा म्हणाले. "हा निराळा वाजला."

"बरा की वाईट?"

"ते धुतल्यावर. आता हलू नको, तसाच अजून एक घे."

पण तो अजून एक झाला नाही. हसताना काकींच्या पोटात कळ आली. त्या वाकल्या, सुभेदारांनी छत्री टाकली आणि धावले. "बास पोरी," काकी धापा टाकत म्हणाल्या. "बघितलं त्यानं. बास." त्यांना आत नेऊन निजवलं. परत बाहेर आणा असं म्हणायची माझी जीभ रेटली नाही.

निघताना सुभेदार फाटकापर्यंत आले. "फोटू इतक्यात धुवू नका."

"का हो?"

"धुतला की त्यो तयार हुतो. तयार फोटू घरात असला की मग त्याला..." ते थांबले. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोचं नाव त्यांना घ्यायचं नव्हतं. "मी यिऊन सांगीन तवा धुवा. आदी न्हाई."

दोन लढायांत गोळ्या खाल्लेला माणूस फोटोच्या कागदाला भीत होता. मला हसू आलं नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं, कारण मलाही तो बघायचा नव्हता.

त्या दिवसांत माझं कशात लक्ष लागेना. फिल्मची डबी खणात, आणि खण उघडायची वेळ आली की मी दुसऱ्या खणात शोधल्यासारखं करायची. कॅमेरा मात्र दुकानातच होता. एका दुपारी तो रिकामाच स्टँडवर लावून, दुकानाच्या आतल्या अंधाराकडं तोंड करून, मी वाजवत बसले. माझ्या पाठीशी उघडं दार आणि रस्त्यावरचं रणरणतं ऊन. डोळा लावून दाबलं की ख-टाक्. बाजूला उभं राहून दाबलं की खट्. परत डोळा. ख-टाक्. परत बाजूला. खट्. मग मी बाजूला उभी राहिले आणि डोळा लावायच्या काचेवर नुसता तळहात धरून दाबलं. ख-टाक्.

मी कॅमेरा फिरवून मागची काच बघितली. या कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा डोळा आत त्या मागच्या काचेपाशीच होता. माझं डोकं तिथं असलं की काच झाकलेली. मी बाजूला झाले की ऊन मागून आत शिरायचं, आणि समोर भरपूर उजेड आहे असं समजून कॅमेरा तोटी लवकर मिटायचा. घाटावर आखूड लेन्स मी हातात धरला होता, डोळ्याला लावून. लांब लेन्स स्टँडवर, मी बाजूला. लांब लेन्सवर मी उगीच आळ घेतला होता. ओसरीसमोर सुभेदारांची छत्री आली तेव्हा तिची सावली त्या मागच्या काचेवर पडली होती.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बाजूला उभं राहा म्हणून मीच शिकवलं, आणि मीच काळोख केला म्हण की."

"असं काय बोलता अण्णा?"

"ट्रंकेतनं माझा काळा कपडा काढ."

काढला. डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्यांनी तो चाचपून बघितला आणि माझ्या हातात दिला. "आम्ही डोक्यावर घ्यायचो ते काय थंडी वाजायची म्हणून? कॅमेऱ्याबरोबर हा जाऊ दे आता. आणि बाजूला उभी राहायचं सोडू नको."

कारण कळल्यावर भीती जाते म्हणतात. माझी वाढली. आता मला पक्कं ठाऊक झालं होतं की आधीचे सगळे काळे आहेत. राहिला तो छत्रीखालचा एकच. त्यात तोटी बराच वेळ उघडी होती आणि काकी हसत होत्या, म्हणजे हलत होत्या. चेहरा पुसट आला असेल तर संपलं. त्या माउलीचा दुसरा फोटो आता कोण काढणार होतं?

आणि मग सुभेदार आले. दाढी वाढलेली, डोळे तांबडे, चपलांवर मिरज स्टेशनची धूळ. एकटेच. पायरीवरच त्यांची चाल ऐकून अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"धुवा," सुभेदार म्हणाले.

"काकी?"

"आदी धुवा."

मला जे समजायचं ते मी समजले. अण्णांनीही. ते परत खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

डार्करूमचं दार लावलं. फिल्म डब्यात चढवायला काळोखच लागतो, आणि माझी बोटं त्या काळोखात परक्याची झाली होती. दोनदा फिल्म सुटली. डबा हलवताना मी देवाचं नाव घेत होते की मिनिटं मोजत होते ते आठवत नाही, बहुधा दोन्ही. हायपोच्या पाण्यातून काढून ती पट्टी दिव्याला धरली. पहिले चार नुसत्या काचेसारखे, जवळजवळ कोरे, कारण छापल्यावर काळं येणारं निगेटिव्हवर उलट कोरं दिसतं. शेवटच्या चौकटीत मात्र भरपूर काहीतरी होतं.

फिल्म पंख्यापुढं धरून कशीबशी वाळवली, कागदावर उजेड दिला आणि लाल दिव्याखाली तो कागद ट्रेमध्ये सोडला. आधी कुंकू आलं. मग नाकातली नथ, मग डोळे. पदर धरलेला हात हलला होता, तो पुसट होता. चेहरा लख्ख होता. काकी हसत होत्या, समोर कुणीतरी घरचं माणूस काहीतरी वेडेपणा करतंय असं बघून हसावं तशा. मी तिथंच ट्रेवर वाकून हुंदके देऊन रडले.

ओला कागद तसाच दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. सुभेदारांनी तो घेतला. बराच वेळ बघत राहिले. कागदाचं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"आली की," ते म्हणाले. मग ते स्टुलावर बसले. "ती टेबलावर जाईना झालीया. डाक्टर थकले, मी थकलो. म्हणती, आदी फोटू आणा. त्याला दिसलं का ते बघते, मग काय कापायचं ते कापा."

"म्हणजे काकी आहेत?" मी विचारलं.

"हाय तर. तंडतीया तिथं खाटंवर बसून."

"अहो मग आल्या आल्या सांगायचं नाही होय, सुभेदार?" अण्णा पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. "जीव घेतलात की आमचा."

सुभेदार फोटोकडंच बघत होते. "काय सांगणार हुतो? काळा निघाला असता तर ती गेलीच म्हणायची. मी माघारी कुठल्या तोंडानं गेलो असतो?"

फोटो वाळवून देते म्हटलं तर थांबायला तयार नाहीत. तसाच ओला, दोन्ही हातांवर पूजेचं ताट धरावं तसा धरून ते स्टेशनकडं चालत गेले. रस्त्यातली माणसं वाट देत होती.

त्यानंतर कितीतरी दिवस खबर नाही. मी दुकानात यायची, दार उघडायची आणि पायरीकडं कान लावून बसायची. फोटो चांगला आला म्हणून पोटातली गाठ काही विरघळत नाही, हे मलाही कळत होतं. अण्णा तर कुणाची चप्पल वाजली की मान वर करायचे.

श्रावणात एके दिवशी पायरीवर दोन माणसांची पावलं वाजली. एक दमदार आणि एक हळू. अण्णांनी चेहरा दाराकडं केला आणि म्हणाले, "सुमे, खुर्ची पुसून ठेव." काकी आल्या होत्या. रोडावलेल्या, सुभेदारांच्या हाताला धरून, पण आपल्या पायांनी. दवाखान्यात फोटो बघून त्या काय म्हणाल्या ते त्यांनीच सांगितलं. "म्या म्हणलं, बगा, चांगलं दिसतंय त्याला. आता न्या मला."

बसल्यावर त्यांनी पिशवीतून तोच रुमाल काढला. फोटो घेऊन ते निघाले तेव्हा कॅमेरा मी त्याच रुमालात बांधून, काळ्या कपड्यासकट, सुभेदारांच्या खांद्याला अडकवून दिला होता. काकींनी दोन्ही काउंटरवर ठेवलं.

"ह्यो तुमच्याकडंच राहू द्या, पोरी. घरात असला की दिसभर वाटतं, त्यो बघतोय आन् मी आपली कामात हाय. बरं न्हाई वाटत. इथं असला म्हंजी मी बाजारला आली की भेटून जाईन."

मी तो कॅमेरा रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात ठेवला, अण्णांचा आखूड लेन्स लावून, तोंड बाहेर करून. सेल संपला तो परत घातला नाही. विकत मागणारे पुष्कळ आले. मी नाही म्हटलं.

काकी पुढं बरीच वर्षं जगल्या. सुभेदार त्यांच्या आधी गेले. बाजाराला आल्या की काकी आधी दुकानात शिरायच्या नाहीत. बाहेर काचेपुढं उभ्या राहायच्या, हातातली पिशवी खाली ठेवायच्या, केसांवरनं हात फिरवायच्या आणि थोडा वेळ नुसत्या उभ्या राहायच्या. बोलायच्या काहीच नाहीत.

कॅमेऱ्यात फिल्म नव्हती, सेल नव्हता, हे मला माहीत होतं. तरी त्या उभ्या दिसल्या की मी हातातलं काम टाकून उठायची आणि आतून काळा कपडा त्याच्या पाठीमागं धरायची. दुकानात ट्यूबलाइट होती, मागून उजेड शिरला असता. त्याला आई नीट दिसायला हवी होती.